वक्र अवकाश आतून बघताना चित्र बिघडतं, तेव्हा काय तपासायचं

वक्र अवकाश, म्हणजे शाळेतली सपाट भूमिती जिथे चालत नाही असा अवकाश, आतून दाखवणारे प्रोग्रॅम मी गेली नऊ वर्षं दुरुस्त करते आहे. काही माझे स्वतःचे, बरेचसे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे, दोन-तीन विज्ञान प्रदर्शनांसाठी बनवलेले. भाषा बदलते, ग्राफिक्स कार्ड बदलतं, हेडसेट बदलतो, पण निरोप तोच येतो: "मॅडम, चित्र चुकतंय." आणि दर वेळी पहिला अर्धा तास एकाच प्रश्नात जातो. चित्र खरंच चुकलंय, की अशा अवकाशात ते तसंच दिसायला हवं?

याचं उत्तर मिळेपर्यंत कोडला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. लांबचा चेंडू मोठा दिसतो म्हणून एका मुलीने अंतराचं सूत्रच बदललं होतं. चित्र मुळात बरोबर होतं. सूत्र बदलल्यावर ते खरोखर चुकलं, आणि मूळ जागा सापडायला आम्हा दोघींना चार दिवस लागले.

इथे मी दोनच अवकाशांबद्दल लिहिते आहे. एक धन वक्रतेचा, म्हणजे गोलीय, आणि एक ऋण वक्रतेचा, म्हणजे हायपरबोलिक. दोन्हींत वक्रता सगळीकडे सारखी असते आणि ती एकाच संख्येने सांगता येते: वक्रता-त्रिज्या. ती जेवढी लहान, तेवढा अवकाश जास्त वक्र. खाली मी सगळी अंतरं या त्रिज्येच्या पटीत देते आहे, म्हणजे "अंतर २" याचा अर्थ दोन त्रिज्या. प्रकाश जिओडेसिकवरून जातो, म्हणजे त्या अवकाशातल्या सर्वांत सरळ वाटेने, आणि त्याला लागणारा वेळ आपण सोडून देतो.

लक्षणं

तक्रार सहसा यांपैकी एखाद्या वाक्यात येते.

"सगळं नेहमीसारखंच दिसतंय, वक्रता कुठे आहे?"
"लांबची वस्तू लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत जाते."
"ठरावीक अंतरापलीकडचं सगळं गायब आहे."
"जमीन थोड्या अंतरावर संपते." किंवा उलट, "जमीन डोक्यावर दिसते."
"भिंतींना पोक आलंय."
"फेरी मारून मूळ जागी आलो, तर कॅमेरा भलतीकडे वळलेला."
"लांबचं चित्र थरथरतं, काळे ठिपके लुकलुकतात."
"पाच-दहा मिनिटांनी सगळं दृश्य तिरकं ओढलं जातं."
"हेडसेट घातला की सगळं जग जवळ येऊन चिकटतं." किंवा "दोन-दोन दिसतं."

यातल्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि शेवटच्या तक्रारीत बहुतेकदा बिघाड नसतोच. म्हणून सुरुवात फुकटातल्या तपासणीने करू.

कागद, पेन्सिल आणि एक चेंडू

डोळ्याला अंतर कळत नाही. त्याला फक्त किरण कुठल्या दिशेने आला एवढंच कळतं. वस्तू किती मोठी दिसणार, हे तिच्या दोन कडांकडून आलेल्या किरणांमधल्या कोनावर ठरतं. सपाट अवकाशात डोळ्यातून निघालेल्या दोन रेषा अंतराच्या प्रमाणात फाकत जातात. हायपरबोलिक अवकाशात त्या त्याहून फार वेगाने फाकतात, हायपरबोलिक साइनच्या (कॅल्क्युलेटरवरच्या sinh च्या) प्रमाणात. गोलीय अवकाशात त्या आधी फाकतात आणि मग परत जवळ येतात. उत्तर ध्रुवावरून निघालेली रेखावृत्तं विषुववृत्तापर्यंत दूर जातात आणि दक्षिण ध्रुवावर पुन्हा भेटतात, तसंच.

आता ०.१ त्रिज्येचा एक चेंडू घ्या आणि तो किती अंश व्यापेल ते काढा. दिसणाऱ्या कोनाच्या अर्ध्याचा साइन म्हणजे चेंडूच्या त्रिज्येचा साइन भागिले अंतराचा साइन. गोलीय अवकाशात दोन्हीकडे साधा साइन घ्यायचा, हायपरबोलिकमध्ये दोन्हीकडे हायपरबोलिक साइन.

अंतर १ ला सपाट अवकाशात हा चेंडू ११.५ अंशांचा दिसतो, हायपरबोलिकमध्ये ९.८, गोलीयमध्ये १३.६. हात पूर्ण लांब करून वळलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते, म्हणजे तिन्ही आकार जवळपास मुठीएवढेच. फरक असतो, पण अंगावर येत नाही.

अंतर ३ ला मात्र बघा. सपाट अवकाशात ३.८ अंश. हायपरबोलिकमध्ये १.१५ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम दुप्पट. आणि गोलीयमध्ये ९० अंश! चेंडू तोच आणि अंतरही तेवढंच, पण समोरचा अर्धा देखावा त्याने व्यापलेला. मध्ये १.५७ अंतरावर, म्हणजे पावभर वर्तुळावर, तो सर्वांत लहान दिसतो, ११.५ अंशांचा. त्यानंतर वाढतच जातो, आणि ३.१४ ला, म्हणजे डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूवर, सगळ्या दिशा व्यापून टाकतो.

हे आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. मग प्रोग्रॅममध्ये तोच चेंडू १, २ आणि ३ अंतरावर ठेवून पडद्यावर मोजा. अंतर २ साठी आकडे असे: सपाट ५.७, हायपरबोलिक ३.२, गोलीय १२.६. जुळले, तर मूळ गणित शाबूत आहे आणि दुसरी तक्रार तिथेच मिटली. जुळले नाहीत, तर बहुतेकदा कुठेतरी साइनच्या जागी साधं अंतर राहून गेलेलं असतं, किंवा कोन अंशांत दिलेला असतो आणि फंक्शनला रेडियन हवे असतात. यात पाच मिनिटं जातात आणि जवळजवळ निम्मी प्रकरणं इथेच संपतात.

त्रिज्या किती धरली आहे?

"काहीच वेगळं दिसत नाही" या तक्रारीचं कारण नेहमी हेच असतं. वक्रतेचा परिणाम अंतर भागिले त्रिज्या या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो, आणि वर त्याला सहाने भागलं जातं. खोली त्रिज्येच्या दहाव्या भागाएवढी असेल, तर फरक हजारात दोनसुद्धा नाही. तो डोळ्याला दिसणार नाही. उलट कोडमध्ये त्रिज्या १ आणि माणसाची उंची १.७ असं मीटरमध्ये टाकलं, तर तो माणूस त्या जगात राक्षस होतो. बघायला मजा यावी आणि मेंदूही गांगरू नये, यासाठी मी डोळ्याची उंची त्रिज्येच्या ०.१ ते ०.३ एवढी ठेवते. आकडा एकाच जागी लिहा आणि बाकी सगळीकडे तिथून घ्या. तीन फायलींत तीन वेगळ्या त्रिज्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

काळे ठिपके

दोन बिंदूंमधलं अंतर काढताना कोसाइनचा किंवा हायपरबोलिक कोसाइनचा उलटा घ्यावा लागतो. बिंदू एकमेकांच्या अगदी जवळ असले की गोळाबेरजेच्या चुकीने आत १ ऐवजी १.०००००००१ किंवा ०.९९९९९९९ जातं, फंक्शन "संख्या नाही" असं उत्तर देतं आणि तो पिक्सेल काळा पडतो. गोलीयमध्ये मूल्य १ आणि उणे १ यांच्या आत दाबून घ्या, हायपरबोलिकमध्ये १ च्या खाली जाऊ देऊ नका. जवळचे ठिपके गेले आणि फक्त लांबचे राहिले, तर ते दुखणं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे येईल.

भिंतींना पोक

हा खरा बिघाड आहे, आणि बऱ्याच जणांना तो बिघाड वाटत नाही. "अवकाश वक्र आहे, म्हणून भिंती वाकड्या दिसतात," असं समजून लोक तो तसाच सोडतात.

या दोन्ही अवकाशांत आतून बघणाऱ्याला सरळ रेषा सरळच दिसते. कारण सोपं आहे. तुमचा डोळा आणि ती रेषा यांतून त्या अवकाशातलं एक सपाट प्रतल जातं, आणि रेषेवरून डोळ्याकडे येणारे सगळे किरण त्याच प्रतलात राहतात. प्रतल बाजूने, म्हणजे त्याच्या कडेवरून पाहिलं की रेघच दिसणार. पुस्तकात हायपरबोलिक प्रतलाची जी चित्रं असतात, वर्तुळात कोंबलेली आणि कडेला लहान लहान होत जाणारी, त्यांतल्या कमानी बाहेरून काढलेल्या नकाशातल्या आहेत. पृथ्वीच्या नकाशावर ग्रीनलंड अवाढव्य दिसतं, पण ग्रीनलंडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ते तसं दिसत नाही.

मग पोक कुठून येतं? बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या हलण्यातून. कॅमेरा नेहमीच्या सवयीने नकाशात एक पाऊल पुढे सरकवलेला असतो, साध्या बेरजेने. असं करू नका. कॅमेरा कायम मध्यबिंदूवर ठेवा आणि सगळं जग त्याच्याकडे सरकवा, तेही त्या अवकाशाची अंतरं जशीच्या तशी राखणाऱ्या मॅट्रिक्सने, म्हणजे संख्यांच्या चौकटीने. क्लाइनच्या नमुन्यात (हायपरबोलिक अवकाशाचा असा नकाशा, ज्यात सरळ रेषा सरळच राहतात) मध्यबिंदूवरून बघितलं की हायपरबोलिक अवकाशातलं दृश्य आणि आपलं साधं चित्रदृश्य एकच होतं. रेषा सरळ राहतात, दिशा खऱ्या राहतात. त्यामुळे साधं ग्राफिक्स कार्ड कुठल्याही खास युक्तीशिवाय हे जग काढू शकतं. मला स्वतःला या विषयातलं हे सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

एक अपवाद आहे. हायपरबोलिक अवकाशात सगळीकडे सारख्या रुंदीचा बोळ बांधला, तर त्याच्या दोन्ही भिंती सरळ असूच शकत नाहीत. मधली रेषा सरळ असेल, तर भिंती तिच्यापासून समान अंतरावर राहण्यासाठी खरोखर वाकतात. त्या वाकड्या दिसल्या, तर ते बरोबर आहे. म्हणून भिंत तपासण्याआधी एक दोरी ताणून बघा: दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी जिओडेसिक काढा. दोरी सरळ आणि भिंत वाकडी, तर भिंत तशीच बांधलेली आहे. दोरीही वाकली, तर कॅमेरा दुरुस्त करा.

जमीन

हायपरबोलिक अवकाशात सपाट जमिनीवर उभं राहिलं की क्षितिज डोळ्याच्या पातळीच्या खाली असतं, जमीन अनंत पसरलेली असली तरी. डोळ्याची उंची ०.१ असेल, तर ते ५.७ अंश खाली दिसेल. उंची १ झाली की सगळी अनंत जमीन पायाखालच्या एका चकतीत मावते, आणि त्या चकतीची कड थेट खालच्या दिशेपासून ४०.४ अंशांवर असते. हा हायपरबोलिक भूमिती मांडणाऱ्या रशियन गणिती लोबाचेव्हस्कीचा समांतरतेचा कोन. तो काढायची रीत अशी: ई (२.७१८) या संख्येचा उणे उंची इतका घात करा, त्याचा उलटा टँजंट घ्या, दुप्पट करा. आकडा जुळला तर "जमीन संपते" ही तक्रार बंद.

गोलीय अवकाशात याच्या उलट होतं. तिथे प्रत्येक किरण, अगदी थेट वर पाठवलेलासुद्धा, शेवटी जमिनीलाच येऊन मिळतो. मध्ये काही नसेल, तर डोक्यावर आकाश नसतं, पलीकडची जमीन असते. तिला झाकायला धुकं घाला, पण पुसून टाकू नका.

अर्धं जग गायब

हा फक्त गोलीय अवकाशाचा आजार, आणि यात बघायचं ते वस्तू कुठल्या अंतरावर नाहीशी होते. १.५७ ला नाहीशी होत असेल, तर कुठेतरी चौथ्या सहनिर्देशकाने (या अवकाशांत बिंदूची जागा चार संख्यांनी लिहितात) भागलं जातंय, किंवा नेहमीचं "दूरचं प्रतल" वापरलेलं आहे. सपाट जगाच्या गणितात पावभर वर्तुळ म्हणजे अनंत अंतर, आणि कार्ड अनंताच्या पलीकडचं कापून टाकतं. कुठली वस्तू किती मागे आहे (डेप्थ), हे मोजायला अंतराचा कोटँजंट वापरा. तो पूर्ण अर्ध्या वर्तुळभर सलग उतरत जातो, त्यामुळे पुढचं-मागचं ठरवताना गोंधळ होत नाही.

३.१४ ला नाहीशी होत असेल, तर दुसरी फेरी काढलेली नाही. अर्ध्या वर्तुळाच्या पलीकडून येणारे किरण उलट्या दिशेने डोळ्यात शिरतात, म्हणून तेच जग विरुद्ध चिन्हाने आणखी एकदा काढावं लागतं, आणि ते पहिल्या फेरीच्या मागे ठेवावं लागतं.

बरोबर आलंय की नाही, याची खूण तुमच्या स्वतःच्या शरीरात आहे. रिकाम्या गोलीय अवकाशात एक माणूस उभा करा आणि त्याच्या डोळ्यातून बघा. समोर त्याला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसली पाहिजे. मान वर केली की आकाशभर तळपाय. डावीकडे बघितलं की उजवा कान. तळपाय पहिल्यांदा दिसले तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा दचकून खुर्चीतून उठला होता आणि "हे उलटं झालंय" म्हणत होता. उलटं झालं नव्हतं. वर गेलेला किरण पूर्ण फेरी मारून खालूनच परत येतो, आणि वाटेत आधी पायच लागणार. आकाशात केस आणि टाळू दिसली असती, तर चिन्ह चुकलं, असं मी म्हटलं असतं.

दिव्याचा प्रकाश

थोडक्यात: दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने नव्हे, तर वरच्याच साइनच्या वर्गाने कमी होतो. हायपरबोलिकमध्ये अंतर ३ ला तो सपाट जगापेक्षा ११ पट मंद असतो, म्हणून लांबचं सगळं काळोखात जातं. गोलीयमध्ये दिव्याच्या विरुद्ध बिंदूवर प्रकाश पुन्हा एकवटतो. भिंत जेवढी उजळलेली आहे तेवढीच ती कुठूनही उजळ दिसते. तिच्या दिसण्याला अंतराने पुन्हा भागू नका.

चालून बघा

कॅमेरा वळतो, ही तक्रार आली की मी पंचकोनाची चाचणी घेते. हायपरबोलिक अवकाशात पाचही कोन काटकोन असलेला पंचकोन असतो, आणि त्याची बाजू १.०६१३. सरळ १.०६१३ चाला, डावीकडे काटकोनात वळा, असं पाच वेळा करा. पाचव्या वळणानंतर तुम्ही मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभे असायला हवं. कॅमेऱ्याची मॅट्रिक्स छापून बघा: कर्णावर एक, बाकी शून्य. गोलीय अवकाशात हीच चाचणी तीन बाजूंची, प्रत्येक बाजू १.५७०८. विषुववृत्तावरून ध्रुवावर, तिथून काटकोनात वळून परत विषुववृत्तावर, आणि त्यावरून सुरुवातीच्या जागी.

आता तोच पंचकोन न वळता चाला. पुढे, मग डावीकडे सरकत, मग मागे, मग उजवीकडे, मग पुन्हा पुढे. मूळ जागी याल, पण तोंड ९० अंश उजवीकडे फिरलेलं असेल. हा वक्रतेचाच परिणाम आहे. वळण किती, हे फेरीने वेढलेल्या क्षेत्रफळावर ठरतं. ते काढून टाकायला काही जण प्रत्येक फ्रेमला कॅमेरा सरळ करतात. त्याने वळण लपतं आणि पुढचं पाऊल चुकीच्या जागी पडतं.

तिरकं ओढलं जाणं आणि लांबची थरथर

इथून पुढे काम वाढतं. प्रत्येक पावलाला मॅट्रिक्सचा गुणाकार होतो, प्रत्येक गुणाकारात थोडी चूक साठते, आणि काही मिनिटांत मॅट्रिक्स अंतरं राखेनाशी होते. उपाय: दर फ्रेमला तिचे स्तंभ पुन्हा एकमेकांना लंब करून घ्या. हायपरबोलिकमध्ये हे करताना चौथ्या सहनिर्देशकाच्या गुणाकारापुढे उणे चिन्ह लागतं, आणि ते उणे विसरणं ही माझ्यासमोर आलेली सर्वांत नेहमीची चूक. चिन्ह विसरलं की मॅट्रिक्स काही सेकंदांतच कोसळते. म्हणजे मिनिटांनी बिघडत असेल, तर उपाय केलेलाच नाही. सेकंदांत बिघडत असेल, तर चिन्ह बघा.

लांबची थरथर याहून अवघड, कारण ती सूत्रात नसते, संख्यांच्या साठवणीत असते. हायपरबोलिक अवकाशात सहनिर्देशक अंतराबरोबर घातांकी वाढतात. अंतर ९ ला चौथा सहनिर्देशक सुमारे ४०५१ असतो, त्याचा वर्ग १ कोटी ६४ लाख. बाकी तिघांच्या वर्गांची बेरीज जवळजवळ तेवढीच, आणि दोन्हींतला फरक नेमका १ यायला हवा. साधा फ्लोट (संख्या साठवायचा ३२ बिटांचा प्रकार) १ कोटी ६७ लाखांपर्यंतच पूर्णांक नेमके धरू शकतो. म्हणजे अंतर ९ ला तो १ शेवटच्या अंकावर लोंबकळत असतो, आणि त्यापुढे बिंदू कुठे आहे हेच कार्डाला कळत नाही. डबल (त्याच्या दुप्पट जागेचा प्रकार) वापरलं, तर ही हद्द १९ पर्यंत जाते. त्याने वेळ मिळतो, दुखणं जात नाही.

खरा उपाय म्हणजे जगाचे तुकडे करणं. काटकोनी द्वादशफलकं घ्या, पाच बाजूंच्या बारा पृष्ठांची. हायपरबोलिक अवकाश त्यांनी फट न राहता भरतो. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या स्वतःच्या खोलीपुरती, म्हणजे द्वादशफलकापुरती, लिहा, आणि कॅमेरा एका खोलीतून दुसरीत गेला की मोजणी तिथून नव्याने सुरू करा. मध्यबिंदूपासूनचं अंतर कुठेच साठवू नका. किती लांबपर्यंत काढायचं, हेही आधी ठरवा. अंतर ५ पर्यंत सुमारे ८,००० खोल्यांएवढा घनफळाचा पसारा आहे, ६ पर्यंत जवळपास ६०,०००. दर एककाला सातपटीहून जास्त. मी ५ ला धुकं घालते आणि थांबते.

दोन डोळे

हेडसेटची तक्रार मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण आधीचं सगळं बरोबर असल्याशिवाय ती तपासता येत नाही.

दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असतं. लांबच्या वस्तूकडे बघताना दोघांच्या नजरा जवळजवळ समांतर होतात, आणि त्या कोनावरून मेंदू अंतर ओळखतो. पण मेंदू सपाट जगात शिकलेला असतो. हायपरबोलिक अवकाशात अनंतावरच्या बिंदूकडे बघतानासुद्धा नजरा आत वळलेल्या राहतात. हिशोब केला तर दिसणारं अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले खऱ्या अंतराचा हायपरबोलिक टँजंट, आणि तो १ च्या पुढे जात नाही. त्रिज्या २ मीटर ठेवली असेल, तर सगळं विश्व, तारेसुद्धा, २ मीटरच्या आत दिसेल. "सगळं जवळ येऊन चिकटतं" ही तक्रार म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालल्याची पावती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८७० च्या व्याख्यानात हेच सांगितलं होतं: अशा जगात शिरलेल्या माणसाला सर्वांत दूरच्या वस्तूही ठरावीक अंतरावर असल्यासारख्या वाटतील, आणि तो जवळ जाऊ लागला की त्या फुगतील, रुंदीपेक्षा खोलीत जास्त.

हीच गोष्ट आकाशात वापरून बघितली गेली आहे. डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घ्या. अवकाश हायपरबोलिक असेल, तर कुठल्याच ताऱ्याचं पराशय (वेगवेगळ्या जागांवरून बघताना त्याच्या दिशेत दिसणारा फरक) एका मर्यादेखाली जाणार नाही. १८२९ मध्ये कझानला लोबाचेव्हस्कीने हा विचार मांडला, तेव्हा एकाही ताऱ्याचं पराशय खात्रीने मोजलेलं नव्हतं. १९०० मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्डने ते हिशोबाला घेतलं. ज्यांचं पराशय ०.०५ कोनीय सेकंदांपेक्षाही लहान आहे असे तारे पुष्कळ होते, म्हणून हायपरबोलिक असलाच तर अवकाशाची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या निदान ४० लाख पट, म्हणजे सुमारे ६३ प्रकाशवर्षं, असली पाहिजे. आपण हेडसेटमध्ये जी त्रिज्या २ मीटर ठेवतो, तीच ही त्रिज्या.

गोलीय अवकाशात साधा टँजंट लागतो. पावभर वर्तुळावर वस्तू अनंतावर असल्यासारखी दिसते. त्याच्या पलीकडे दोन्ही नजरा बाहेरच्या बाजूला फाकाव्या लागतात, आणि माणसाचे डोळे तसे फारसे फाकत नाहीत. म्हणून "दोन-दोन दिसतं". कोडमध्ये चूक शोधू नका. १.५७ च्या पलीकडचं सगळं दोन्ही डोळ्यांना एकसारखंच दाखवा.

कुठे थांबायचं

वरच्या सगळ्या चाचण्या पार झाल्या आणि चित्र तरीही विचित्र असेल, तर तुमचा अवकाश कदाचित या दोघांपैकी नाही. गणिती थर्स्टनने १९८२ मध्ये सांगितलेल्या, त्रिमितीय अवकाशांच्या आठ भूमितींपैकी फक्त तीन सगळ्या दिशांना सारख्या आहेत: सपाट, गोलीय, हायपरबोलिक. बाकी पाचांत सरळ रेषासुद्धा वाकडी दिसू शकते, आणि त्यांपैकी निल आणि सोल या दोघांत एकच वस्तू अनेक जागी दिसू शकते. सोलमध्ये तर जिओडेसिकसाठी विवृत्तीय फलनं लागतात. तिथे अंदाजाने कोड बदलत बसू नका. विभेदक भूमिती शिकवणाऱ्या कुणाला तरी समीकरणं दाखवा. कृष्णविवराभोवतीचा प्रकाश दाखवायचा असेल, तर नुसता वक्र अवकाश पुरत नाही, काळही वक्र घ्यावा लागतो. सूर्याच्या कडेने जाणारा किरण १.७५ कोनीय सेकंद वळतो, त्यातला निम्माच अवकाशाच्या वक्रतेचा. सापेक्षतावादाची माणसं पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहेत, मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत आहेत. समीकरण कुठे अडलं ते नीट लिहून त्यांना विचारा.

हेडसेटमध्ये मळमळलं किंवा कपाळ दुखू लागलं, तर तो लगेच काढा आणि त्या दिवशी परत घालू नका. सवयीने जाईल म्हणून ओढत नेऊ नका.

आणि एक थांबा असा आहे, जिथे मी कुणालाच पुढे जाऊ देत नाही. एका प्रदर्शनात एक निवृत्त शिक्षक आमच्या टेबलाशी आले, हायपरबोलिक खोली बघितली, हेडसेट काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं मशीन छान आहे, पण तो दरवाजा मला अजून वाकडाच दिसतोय." मी त्यांना एक डोळा झाकायला सांगितलं. उजव्या डोळ्याने चौकट सरळ होती. डाव्याने मधोमध आत दबलेली, आणि खिडकीचे गज तिथेच लाटेसारखे वळलेले. हेडसेट काढल्यावर असं उरत नाही. दोष डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी होता. त्यांच्या मुलीने त्यांना दुसऱ्याच दिवशी तपासायला नेलं, आणि डॉक्टरांनी लवकर आल्याबद्दल बरं वाटल्याचं सांगितलं.

डोळ्याच्या आतला पडदा जिवंत माणसात बघण्याचं यंत्र १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झनेच जगापुढे आणलं होतं, सुमारे वीस वर्षांनी वक्र अवकाशात काय दिसेल ते सांगणाऱ्या त्याच माणसाने. आता आमच्या टेबलावर चौकटींचा एक कागद कायम असतो, मधोमध एक ठिपका असलेला. वाचायचा चष्मा असेल तर तो लावून कागद वाचायच्या अंतरावर धरायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा डोळा. एकाही डोळ्याला रेघा वळलेल्या, तुटलेल्या किंवा मधे पुसट दिसल्या, तर प्रोग्रॅम बंद करा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.